गेममधले झाड कसे पारखावे

नाशिकमध्ये गेमसाठीचे त्रिमितीय चित्रकाम शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. व्हिडिओ गेममधल्या झाडांचे चित्रण चांगले आहे की नाही, हे कशावरून ठरवावे? पाने भरपूर असणे आणि सालीचा पोत जवळून स्पष्ट दिसणे, एवढे पुरेसे मानावे का? आणि तिने स्वतः घडवलेल्या गोदाकाठच्या उंबरात नेमके काय खटकते? मी मूळचा वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आहे. माझी २२ वर्षे या जिल्ह्यात झाडांच्या पाहण्या आणि गणना करण्यात गेली आणि गेली ८ वर्षे गेम बनवणारे काही गट आपली झाडे तपासून घेण्यासाठी माझ्याकडे पाठवतात. या दोन्ही कामांतून जे समजले, ते येथे सविस्तर लिहितो.

पानांची संख्या आणि सालीचा पोत यांना मी तपासणीत सर्वांत शेवटी हात घालतो, कारण या दोन्ही गोष्टी आज तयार मिळतात. खोडाची सर्व बाजूंनी शेकडो छायाचित्रे काढून त्यांवरून त्रिमितीय पृष्ठभाग बनवण्याचे तंत्र आता इतके रुळले आहे की, उत्तम साल असलेला बुंधा नवख्या गटालाही सहज उपलब्ध होतो. पर्णसंभाराला मात्र हे तंत्र नीट लागू पडत नाही. छायाचित्रे काढताना पाने हलतात, एकमेकांना झाकतात, शिवाय ती फार पातळ असतात. त्यामुळे बुंधा खऱ्या झाडाचा आणि वरचा विस्तार अंदाजाने रचलेला, अशी जोडणी सर्रास आढळते. खोडाला हात लावण्याइतके जवळ गेल्यावर जे झाड पटते, तेच वीस पावले मागे सरकल्यावर पटेनासे होते, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

माझा मुख्य निकष एकच आहे. झाडाच्या आकारावरून त्याचे आयुष्य वाचता येते का, हे मी पाहतो. झाडाला जागा सोडता येत नाही. ज्या अंगाने ऊन मिळाले त्या अंगाला ते पसरते, जिथे शेजारच्या झाडाने सावली केली तिथली फांदी वाळून गळते, जिथे कुऱ्हाड लागली तिथे गाठ येते किंवा धुमारे फुटतात, आणि यातले काहीही पुढे पुसले जात नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी तालुक्यांत भातखाचरांच्या बांधावर उभे असलेले ऐन ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजण्यासाठी, म्हणजे राबासाठी, या झाडांच्या फांद्या वर्षानुवर्षे तोडल्या जातात. त्यामुळे उंच, सरळसोट खांबासारखे खोड, त्यावर अंगभर गाठी आणि प्रत्येक गाठीतून निघालेला आखूड फांद्यांचा झुपका, असे त्याचे रूप होते. तोच ऐन एखाद्या राखलेल्या देवराईत पाहिला, तर भरदार घेराचा, भव्य वृक्ष असतो. जात एकच, साल तीच मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, पाने तीच; परंतु दोन्ही झाडांची आयुष्ये वेगळी आणि ती दुरूनही वाचता येतात. ज्या गेममध्ये बांधावर, देवराईत आणि रस्त्याकडेला एकच ऐन फिरवून फिरवून उभा केला आहे, त्या गेममध्ये ऐनाचे चित्रण झाले, असे मी म्हणणार नाही, मग त्याची साल कितीही हुबेहूब असो.

तपासणीची सुरुवात मी पाने काढून करतो. मॉडेल हाती असेल तर पर्णसंभार लपवतो. नुसता गेम समोर असेल तर संधिप्रकाशात किंवा मावळत्या सूर्यासमोर झाड उभे राहील अशी जागा शोधून त्याची बाह्याकृती पाहतो. त्या सांगाड्यावरून झाडाची जात, निदान तिचे कुळ तरी, ओळखता यायला हवे. ही अपेक्षा अवास्तव नाही. उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या वाढीच्या पद्धतींची मांडणी फ्रान्सिस अल्ले आणि रुलॉफ ओल्डेमान या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये केली आणि पुढे अशा २३ मूळ रचना मान्य झाल्या. त्यांतल्या कित्येक रचना आपल्याला कॉलेज रोडवरून चालतानाही भेटतात. बदामाचे खोड टप्प्याटप्प्याने वाढते आणि प्रत्येक टप्प्यावर आडव्या फांद्यांचा मजला टाकते. कोवळ्या काटेसावरीचेही मजले स्पष्ट दिसतात. चाफ्याच्या फांदीच्या टोकाला फुलोरा आला की ते टोक तिथेच थांबते आणि खालून दोन-तीन सारख्या फांद्या निघतात, म्हणून पाने गळल्यावर चाफा जाड बोटांच्या हातांसारखा दिसतो. गुलमोहराच्या फांद्या आडव्या होत, कमानी करत छत्री धरतात. नारळाला फांदीच नसते. निसर्गातल्या झाडावर वारा, कीड आणि माणूस यांचे संस्कार होऊन ही मूळ रचना झाकली जाते, हे खरे. पण ती आत असते आणि जाणत्या डोळ्याला दिसते.

माझ्या कामातला एक प्रसंग येथे सांगणे उपयोगी ठरेल. एका गटाने भारतीय खेड्यातला पार आणि त्यावरचा पिंपळ तयार करून पाठवला होता. पानांचा आकार अचूक होता, लांब निमुळते टोकही होते, पाराच्या दगडांवर शेंदूर होता. तरीही ते झाड पिंपळ वाटत नव्हते आणि का वाटत नाही, हे गटातल्या कोणालाच सांगता येत नव्हते. पाने लपवल्यावर उलगडा झाला. त्यांनी तयार संग्रहातून युरोपातल्या लिंडन वृक्षाचा सांगाडा घेतला होता आणि त्याच्या डहाळ्यांना पिंपळाची पाने लावली होती. लिंडनच्या मानाने पिंपळाचा बुंधा खोलगट वळ्यांचा असतो, जणू अनेक खोडे एकमेकांत मिसळली आहेत. त्याच्या मोठ्या फांद्या कमी उंचीवरच फुटतात आणि दूरवर जातात. या चुकीबद्दल मला त्या मुलांचा राग आला नाही, वाईट मात्र वाटले. कारण त्यांच्या स्टुडिओच्या खिडकीतून खरा पिंपळ दिसत होता.

फांद्या कशा फुटतात, हे नाशिककरांनी बाहेरून शिकण्याची खरे तर गरज नाही. द्राक्षबागेतली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी ज्याने पाहिली आहे, त्याला कळते की काडीवरचा कोणता डोळा राखला यावर पुढची सारी वाढ ठरते. प्रत्येक फांदी कधीकाळी पानाच्या बगलेतला एक डोळा होती. म्हणूनच पानांची मांडणी आणि फांद्यांची मांडणी यांचे नाते असते. सागाची पाने समोरासमोर येतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते, त्यामुळे सागाच्या फांद्याही जोडीजोडीने निघतात. सीताफळाची पाने डहाळीच्या दोन बाजूंना एकाआड एक असतात. आंब्याची पाने सर्पिल क्रमाने येतात आणि टोकाकडे दाटतात. गेममधल्या डहाळीवर पाने कशीही विखुरलेली असली, तर झाड दाट दिसते खरे. पण त्या दाटीला वळण नसते आणि डोळ्याला ते जाणवते.

जाडीचे गणितही येथेच पाहावे. कोणत्याही उंचीवरच्या सर्व फांद्या एकत्र केल्या, तर त्यांची जाडी बुंध्याएवढी भरते, असे लिओनार्दो दा विंची याने पाचशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. आजच्या भाषेत हे फांद्यांच्या छेदांच्या क्षेत्रफळाबद्दलचे विधान आहे. ते तंतोतंत नसले तरी बरेच जवळचे आहे. गेममध्ये अनेकदा जाड खोडातून एकदम काडीसारख्या फांद्या निघतात, किंवा दोन फांद्या फुटूनही मूळ फांदी जराही बारीक होत नाही. फांदी जिथे खोडाला मिळते, तिथे खऱ्या झाडात थोडा फुगवटा, सालीच्या सुरकुत्या आणि खोडाच्या तंतूंनी फांदीला धरल्यासारखी कड असते. वाईट मॉडेलमध्ये नळीत नळी खुपसल्यासारखा सांधा दिसतो.

आणखी एक दोष इतका सार्वत्रिक आहे की, मी त्यावर थोडा अधिक वेळ घालवणार आहे. लहान झाड हवे असले की मोठे झाड आकाराने कमी करायचे आणि मोठे हवे असले की लहान झाड ताणायचे. खरे झाड असे वाढत नाही. उंची वाढत जाते तसा बुंधा तिच्याहून वेगाने जाड होत जातो, टी. ए. मॅकमहॉन या संशोधकाने १९७३ मध्ये दाखवलेल्या नियमानुसार उंची दुप्पट झाली, तर व्यास सुमारे २.८ पट होतो. म्हणजे दुपटीने ताणलेले झाड त्याच्या उंचीच्या मानाने किडकिडीत राहते आणि निम्मे केलेले झाड बुटक्या, जाड्या म्हाताऱ्यासारखे दिसते. शिवाय सालीच्या भेगा आणि पानेही त्याच प्रमाणात लहान-मोठी होतात, हे सर्वांत वाईट. रोपट्याची साल गुळगुळीत असते, भेगा वयाबरोबर येतात. सागाच्या तरण्या रोपाची पाने तर मोठ्या झाडाच्या पानांपेक्षा मोठी असतात. यावर सोपी चाचणी अशी की, आपले पात्र झाडाखाली उभे करावे आणि पान त्याच्या तळहाताशी ताडून पाहावे. आंब्याचे पान वीतभर, सागाचे हातभर, चिंचेची पर्णिका नखाएवढी. सागाच्या रोपासारखे अपवाद सोडले, तर हे प्रमाण सर्व वयांच्या झाडांत साधारण टिकले पाहिजे.

यंत्राने झाडे वाढवण्याच्या पद्धतींना मात्र मी दोष देत नाही. हंगेरियन जीवशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडनमायर यांनी १९६८ मध्ये वनस्पतींच्या वाढीसाठी एक सांकेतिक व्याकरण मांडले. साधे नियम पुनःपुन्हा लावून फांद्या फुटवण्याची आजची कित्येक साधने त्याच विचारातून आली आहेत. २००७ मध्ये मांडल्या गेलेल्या दुसऱ्या एका पद्धतीत मोकळ्या जागेत बिंदू विखुरलेले असतात आणि फांद्या त्या जागेसाठी एकमेकींशी स्पर्धा करत वाढतात. ही दुसरी कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात शेजार येतो: भिंत उभी केली तर झाड तिच्यापासून दूर झुकते, दुसरे झाड जवळ आणले तर दोघांचे विस्तार एकमेकांना अडवतात. स्पीडट्रीसारखी साधनेही अशा रचना सहज करू देतात. २००६ च्या ‘ओब्लिव्हियन’पासून २०१५ च्या ‘विचर ३’पर्यंत अनेक गेममधली रानेवने त्याच साधनाने उगवलेली आहेत. साधन तेच असून दोन गेममधली झाडे इतकी वेगळी का दिसतात, याचे उत्तर ते वापरणाऱ्याने किती झाडे डोळे भरून पाहिली होती, यातच सापडते.

सांगाड्यानंतर मी थेट जमिनीकडे वळतो. गेममधली पुष्कळ झाडे जमिनीत खिळा ठोकावा तशी ठोकलेली असतात. बुंधा वरून खालपर्यंत एकाच जाडीचा आणि जिथे मातीला लागतो तिथे धारदार रेघ. खरा बुंधा जमिनीशी येताना पसरतो, मुळे फाकतात, त्यांच्या बेचक्यांत पालापाचोळा आणि माती साठते, उतारावर वरच्या अंगाला माती चढते आणि खालच्या अंगाला मुळे उघडी पडतात. वडाच्या बाबतीत तर पायथा म्हणजेच निम्मे झाड. पंचवटीच्या नावातच पाच वड आहेत, आणि वड घडवताना सगळे जण पारंब्या काढतात; परंतु त्या पडद्याच्या झालरीसारख्या सारख्या अंतरावर, सारख्या लांबीच्या टांगतात. पारंबी जमिनीला पोहोचली की जाड होऊन खांब बनते आणि त्या आधारावर तिची फांदी आणखी लांब जाते. जिथे खाली डांबरी रस्ता किंवा फरशी आहे, अथवा लोक त्या तोडतात, तिथे पारंब्या हवेतच झुपक्यांनी लोंबकळत राहतात आणि ती बाजू खुरटते. म्हणजे पारंब्यांवरून वडाखालची जमीन कशी आहे, हे कळते. हे ज्या मॉडेलमध्ये दिसते, त्याला मी पूर्ण गुण देतो.

एकट्या झाडावरून वनाकडे आले की निकष थोडे बदलतात. कोणती झाडे कोणाशेजारी, किती अंतरावर आणि कोणत्या वयाची आहेत, हे पाहावे लागते. ‘होरायझन झीरो डॉन’ या २०१७ च्या गेमच्या निर्मात्यांनी जमिनीचा उतार, पाण्याचे अंतर अशा नकाशांवरून झाडे आपोआप लावण्याची यंत्रणा उभारली आणि ती कशी चालते, हे जाहीरपणे मांडले. अशा यंत्रणेचा फायदा असा की, पाण्याकाठचे झाड माथ्यावर जात नाही. आपल्या जिल्ह्याएवढा चांगला धडा यासाठी शोधूनही सापडणार नाही. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण ७००, आणि मालेगाव-येवल्याकडे त्याहून कमी. एका दिवसाच्या प्रवासात ऐन, जांभूळ, हिरडा, साग यांची रानवने मागे पडतात आणि बाभूळ, हिवर, निंब सुरू होतात. ओढ्याकाठी अर्जुनसादडा, करंज आणि उंबर. कातळी उतारावर सालई आणि पांढऱ्या फटक खोडाचा कांडोळ. जिवंत वनात रोपे पुष्कळ, तरणी झाडे त्याहून कमी आणि वृद्ध वृक्ष मोजके असतात. शिवाय वाळलेली, मोडलेली, ढोल्या पडलेली, बांडगुळाने ग्रासलेली झाडेही असतात. गेममध्ये बहुधा सगळी झाडे एकाच वयाची आणि निरोगी असतात, त्यामुळे ते वन रोपवाटिकेतून आणून लावल्यासारखे वाटते.

काळाचाही हिशेब ठेवावा. समजा, १६८२ मध्ये मोगलांनी वेढलेल्या रामशेज किल्ल्यावर कोणी गेम केला, आणि करावा अशी माझी फार इच्छा आहे, तर त्याच्या पायथ्याशी गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प किंवा घाणेरीची झुडपे असता कामा नयेत. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, बाकीची अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतली. ही सारी मंडळी आपल्याकडे फार नंतर आली. आजच्या रामशेजची छायाचित्रे पाहून देखावा उभा केला, तर ही चूक हमखास होईल.

वारा आणि प्रकाश यांविषयी. २००७ च्या ‘क्रायसिस’मध्ये पानाच्या कडांची थरथर, फांद्यांचे झुलणे आणि संपूर्ण झाडाचे वाकणे या हालचाली वेगवेगळ्या हाताळल्या होत्या आणि मॉडेलचा कोणता भाग किती ताठ, याची नोंद त्याच्या बिंदूंना दिलेल्या रंगांत ठेवली होती. हा विचार आजही योग्य आहे. पिंपळाचे पान लांब, बारीक देठामुळे इतर झाडे निश्चल असतानाही सळसळते. सागाचे जड पान सावकाश डोलते आणि वाळले की खडखडते. बाभळीची फांदी वाकते, पण पर्णिका थरथरलेल्या दुरून दिसत नाहीत. सगळ्या जाती एकाच लयीत हलू लागल्या की वन पाण्याखालचे वाटते. प्रकाशाचे म्हणाल, तर पानाच्या दोन बाजू दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाकडची बाजू आकाश परावर्तित करते, म्हणून ती किंचित निळसर-पांढरी चमकते. पानातून आरपार आलेल्या प्रकाशातला तांबडा आणि निळा भाग हरितद्रव्याने शोषलेला असल्यामुळे तो पिवळसर हिरवा दिसतो. सकाळी सोमेश्वरला झाडाखाली उभे राहून वर पाहिले की हे लगेच लक्षात येते. ज्या गेममध्ये खालून पाहिलेले पान काळपट दिसते, तिथे हे आरपार येणे दुर्लक्षित झाले आहे.

यंत्राच्या मर्यादांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्या विषयावर माहिती भरपूर उपलब्ध आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि त्यांत सारे जग रेखाटायचे असते. म्हणून दूरचे झाड सपाट चित्रफलकावर रंगवणे, अंतराप्रमाणे मॉडेलचा तपशील कमी करणे, या गोष्टी अपरिहार्य आहेत आणि त्यासाठी मी गुण कापत नाही. झाड दूर जाताना त्याची बाह्याकृती टिकते का, एवढेच पाहतो. बदामाचे मजले पन्नास मीटरवर नाहीसे होऊन त्याचा गोल गोळा होत असेल, तर तपशील चुकीच्या ठिकाणी कापला गेला आहे.

आता प्रत्यक्ष गेमकडे येऊ. १४०३ च्या बोहेमियात घडणाऱ्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ची वने मला सर्वांत जास्त पटतात, कारण तिथे वनाची कड वेगळी आहे आणि गाभा वेगळा, कडेला झुडपांची दाटी, आत खोडांमधली सावली आणि मिश्र झाडे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये बर्फाळ डोंगरातल्या सूचिपर्णी वृक्षांपासून दक्षिणेकडच्या दलदलीतल्या लोंबत्या स्पॅनिश मॉसपर्यंत प्रदेश बदलतो तशी झाडे बदलतात, आणि डोळे मिटून उघडल्यावर आपण कुठे आहोत हे झाडांवरून सांगता येते. ‘विचर ३’ची वाऱ्यात झोडपली जाणारी झाडे अतिशयोक्त आहेत, तरीही युद्धाने उजाड झालेल्या वेलेन प्रांतात ती वाकडी, एकटी झाडे त्या भूमीचीच वाटतात. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये पिवळाधमक जिंको आणि लालभडक मॅपल ऋतूपेक्षा स्थळाप्रमाणे येतात, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सूट आहे, पण ती जाणीवपूर्वक, सगळीकडे एकाच शिस्तीने घेतलेली आहे, आणि वारा हाच तिथला वाटाड्या असल्यामुळे प्रत्येक पानाला काम आहे.

वास्तवाशी साम्य हाच निकष धरला, तर ‘फायरवॉच’ आणि ‘माइनक्राफ्ट’ यांच्यावर अन्याय होतो. ‘फायरवॉच’मध्ये वायोमिंगची सूचिपर्णी झाडे सपाट रंगांच्या थरांत आहेत, परंतु एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या त्या बाह्याकृतींनी अंतर आणि वेळ दोन्ही अचूक सांगितले आहेत. ‘माइनक्राफ्ट’चे झाड म्हणजे ठोकळे, बुंधा तोडला तरी वरचे खोड अधांतरी राहते, हे विचित्र आहे. तरीही खोडापासून तुटलेली पाने हळूहळू नाहीशी होतात, हा नियम त्यात आहे. २०२२ मध्ये आलेल्या खारफुटीची रोपे तर आईच्या फांदीलाच लोंबत वाढतात, जे खऱ्या कांदळवनात घडते. ठोकळ्यांतून झाडाच्या जगण्याचा एक नियम सांगणे हे हजारो पाने रेखाटण्याहून मला अधिक मोलाचे वाटते.

एका गोष्टीची खंत मात्र मनात आहे. भारताचे म्हणून जे जंगल पडद्यावर येते, ते जवळपास नेहमीच ओले, वेलींनी गच्च भरलेले असते. पश्चिम घाटात घडणाऱ्या २०१७ च्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’मधली हिरवाई घाटाच्या पावसाळी बाजूची म्हणून मी मान्य करतो. पण महाराष्ट्राचे बरेचसे वन पानझडीचे आहे. फाल्गुनात पेठच्या रस्त्याने जावे: साग उघडा पडलेला, पायाखाली हातभर पानांचा खच, पावलागणिक होणारा आवाज, पान नसलेल्या पळसावर केशरी फुले, पांगाऱ्यावर आणि काटेसावरीवर लाल, आणि कुसुंबाला फुटलेली रक्तवर्णी पालवी, जी दुरून फुलेच वाटते. ज्या खेळात लपत-छपत जायचे असते, त्यात हा पाचोळा किती उपयोगी ठरेल! असे वन अजून मी कोणत्याही गेममध्ये मनासारखे पाहिलेले नाही, आणि ते नाशिकच्याच मुलांनी करावे, असे मला मनापासून वाटते.

आता तुमच्या उंबराबद्दल. पाठवलेल्या चित्रांवरून सांगतो की, पाने आणि साल यांत फारशी चूक नाही. पण तुम्ही त्याला वडासारख्या पारंब्या दिल्या आहेत. त्या काढून टाका, उंबराला तशा पारंब्या नसतात. फळे तुम्ही डहाळ्यांच्या टोकांना लावली आहेत. ती खोडावर आणि जाड फांद्यांवर, आखूड पर्णहीन काड्यांना घोसांनी यायला हवीत, काही हिरवी, काही लालसर, आणि खाली पडलेली, फुटलेली, पाखरांनी टोचलेली. काही पानांवर फोडांसारख्या गाठी असू द्या, आपल्याकडच्या उंबरांवर त्या नेहमी आढळतात. बुंधा तुम्ही सरळ उभा केला आहे. काठावरचे झाड उजेडासाठी मोकळ्या पात्राकडे झुकते आणि मग शेंडा पुन्हा वर वळतो, त्यामुळे खोडाला एक सावकाश बाक येतो. पाण्याकडच्या अंगाला माती वाहून गेल्याने मुळे उघडी पडलेली दाखवा, आणि ती दगडांच्या फटींत शिरू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे, हे झाड गोदावरीच्या काठी आहे, हे त्यावर दिसू द्या. रामकुंडाजवळ पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून आपण पुराचा अंदाज घेतो. तुमच्या उंबरालाही तसे माप असले पाहिजे: बुंध्यावर गाळाची फिकट रेषा, तिच्या खाली साल धुऊन गुळगुळीत झालेली, खालच्या फांद्यांत अडकलेले गवत, चिंध्या आणि काटक्या, आणि ते सारे एकाच दिशेला, प्रवाह ज्या बाजूने गेला त्या बाजूला, ओढले गेलेले. एवढे बदल करून पाने लपवलेले एक चित्र आणि पानांसह एक, अशी दोन चित्रे मला पुन्हा पाठवा; पाने लपवलेले चित्र मी आधी पाहीन.